रक्ताचं वय

सरांनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा आधी माझं रक्त काढलं आणि मग नाव विचारलं. सुई शिरेत असतानाच त्यांचा पहिला प्रश्न आला, "जन्म कधीचा?"

"एक जून..."

"पुढचं सांगू नकोस. या जिल्ह्यातली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. त्या दिवशी सुइणींचं काय झालं असेल याचा विचार केलायस कधी? मास्तरांनी लावलेली तारीख ना?"

"हो, सर."

"मग राहू दे. तुझं रक्त सांगेल."

चौथ्या दिवशी त्यांनी मला टेबलासमोर उभं केलं आणि कोर्टाचा निकाल सांगावा तसं सांगितलं, "तू एकवीसची आहेस." कागदावर मी तेवीसची होते. घरी जाऊन आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझ्या येळंला शाळू काढायला आला हुता, एवढंच ध्यानात हाय." शाळू निघतो फेब्रुवारीत. म्हणजे वर्षाचं राहू द्या, जूनसुद्धा खरा नव्हता. त्या दिवसापासून माझा सरांवर थोडा विश्वास बसला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत विश्रामबागेला सरांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. खाली लॅब, वर घर. मी कवठे महांकाळची. वडील तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला शिपाई होते. लॅबचा डिप्लोमा घेऊन मी सांगलीत खोली केली, तेव्हा आमच्या भावकीतली पगार घेणारी मी पहिली मुलगी. आईनं निघताना एवढंच सांगितलं होतं, "डॉक्टर म्हनतील तसं ऐक, पन सगळंच खरं मानू नगंस." सरांकडे काम करायचं तर याहून चांगला सल्ला कोणी दिला नसता.

सर मूळचे साताऱ्याचे. उंच, किडकिडीत, मे महिन्यातही बिनबाह्यांचा स्वेटर. वडिलांची कोरेगावकडची जमीन कूळ कायद्यात गेली होती. ते दुःख त्यांनी शास्त्रात आणून ठेवलं होतं. जे जे आत शिरतं आणि पुन्हा बाहेर निघत नाही त्याला ते 'कूळ' म्हणायचे. त्यांच्या आवडत्या विषाणूचं खरं नाव लांबलचक होतं, पण लॅबमध्ये त्याला कूळच म्हणायची पद्धत होती. आमच्या घराण्यात जमीन कधी नव्हतीच, त्यामुळे ती जाण्याचं दुःखही नव्हतं. मी मान डोलवायची.

"लहानपणी कधीतरी हा अंगात शिरतो," सर येईल त्याला सांगायचे. "दोन दिवस कणकण येते. कणकण जाते, हा जात नाही. गप्प पडून राहतो. शरीराचे शिपाई त्याच्यावर पहारा ठेवतात. वय होतं तसा पहारा ढिला पडतो, मग हा डोकं वर काढतो, मग त्याच्यावर आणखी शिपाई लागतात. होता होता अर्धी फौज या एकट्यामागे अडकते. मग बाहेरून साधी सर्दी आली तरी तिला अडवायला कोणी मोकळा नसतो. याला म्हातारपण म्हणतात. केस पांढरे होणं हा नुसता रंगाचा प्रश्न आहे."

कोणाला पटलं नाही तर ते नागिणीचा दाखला द्यायचे. म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला नागीण उठते ती कुठून येते? लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू पन्नास वर्षं आत झोपलेला असतो, पहारेकरी पेंगला की उठतो. हे ऐकून नागीण झालेला माणूस कमरेला हात लावून गप्प बसायचा.

सरांचं हे संशोधन काटकसरीतून जन्मलं होतं. गरोदर बायकांच्या अंगात हे कूळ आहे का ते तपासायला जो संच यायचा, त्यात शहाण्णव बारीक खळग्यांची एक प्लेट असायची. आमच्याकडे एका वेळी बायका यायच्या पाच-सहा. उरलेले खळगे वाया जाणार. सरांच्या जिवाला ते लागायचं. म्हणून त्यांनी उरलेल्या खळग्यांत दिसेल त्या माणसाचं रक्त घालायला सुरुवात केली. दूधवाला, पोस्टमन, बँकेचा कॅशियर, वीजबिल आणणारा. खुद्द विषाणू मोजायचं यंत्र सांगलीत नव्हतं, म्हणून सर त्याच्यामागे लागलेले शिपाई मोजायचे. शिपाई जितके जास्त तितका खळग्यातला रंग पिवळा. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत राहून सरांनी पिवळ्या रंगाला हळदीशिवाय दुसरं माप लावलं नाही. प्लेट उजेडाला धरून ते म्हणायचे, "ही बघ, ही अजून ओली हळद आहे. आणि ही? ही जमिनीतल्या पेवात मुरलेली!"

ज्यांच्याकडे जन्माचा अस्सल दाखला होता अशा माणसांचे रंग आणि वयं मांडून त्यांनी आलेखाच्या कागदावर एक रेघ काढली होती. त्या रेघेवरून ते बाकी जगाला वय वाटायचे. आणि एकदा वाटलं की माणसाला त्याच नावानं हाक. "या, एकोणसत्तर!" असं दूधवाल्याला म्हणायचे, तो पन्नाशीचा गडी. चाळिशीच्या पोस्टमनला 'चौपन्न' म्हटल्यावर तो बिचारा आठ दिवस रजेवर गेला. कुपवाडच्या एक बाई मात्र हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांना एकसष्ट आले तेव्हा त्या खुर्चीवरून उठेनात. "दोन वर्षं कमी करा की, डॉक्टर. भाजीवाला बी करतो."

गावातले बाकीचे डॉक्टर सरांना उघडउघड वेडा म्हणायचे. आणि महिन्या दोन महिन्यांनी त्यांच्यापैकी कोणीतरी आपल्या कंपाउंडरच्या नावानं रक्त पाठवायचं. सर नाव वाचून हसायचे. "कंपाउंडर अठ्ठावीसचा, रक्त साठीचं. कंपाउंडरला सांग, डॉक्टरला म्हणावं सांभाळा."

वीज गेली की सरांचा जीव फ्रिजमध्ये अडकायचा. दहा वर्षांचे नमुने त्यात गोठवून ठेवलेले. तास उलटला की ते थर्मासमध्ये नळ्या भरून स्कूटरवरून कोपऱ्यावरच्या आइसक्रीमवाल्याकडे जायचे, कारण त्याच्याकडे जनरेटर होता. पिस्त्याच्या डब्याशेजारी सांगलीकरांचं रक्त. एकदा एका गिऱ्हाइकानं ते पाहिलं आणि आइसक्रीमवाल्यानं सरांपुढे हात जोडले.

सगळ्या सांगलीत एका माणसानं सरांना कधी रक्त दिलं नाही. त्यांची बायको. काकू वरच्या मजल्यावरून जिन्यात येऊन म्हणायच्या, "माझं वय मला माहीत आहे आणि यांनाही माहीत आहे. तिसऱ्याला कशाला विचारायचं?"

महिन्यातून एका रविवारी सर एसटीनं साताऱ्याला जायचे. तिथे राजवाड्याजवळ एका बाकावर रोज सकाळी बसणारे दोन पेन्शनर त्यांच्या ओळखीचे होते. एक निवृत्त सुभेदार, दुसरे निवृत्त गणिताचे मास्तर. दोघंही पासष्टचे, तीस वर्षांची दोस्ती. सरांनी दोघांचं रक्त आणलं. पुढच्या खेपेला मीही बरोबर होते. सरांनी बाकासमोर उभं राहून जाहीर केलं, "मास्तर, तुम्ही अठ्ठावन्न. सुभेदार, तुम्ही अठ्ठ्याहत्तर."

सुभेदारांनी मिशीवरचा हात खाली घेतला. "आवं, मी बर्फात उघड्यावर हुबा ऱ्हायलोय. ह्यो मास्तर सावलीत बसून पोरांस्नी छड्या मारत हुता. आन् ह्यो तरणा?"

"म्हणूनच तर," सर आनंदानं म्हणाले. "रक्ताला सगळं आठवतं."

मास्तरांनी जागेवर बसल्या बसल्या पाठ ताठ केली. त्यातच सगळं बिघडलं. पुढच्या महिन्यात सुभेदार दुसऱ्या बाकावर, मास्तर पहिल्या. सर दोन्ही बाकांच्या मधे उभे राहून दोघांनाही सांगत होते की यात भांडण्यासारखं काही नाही, हे शास्त्र आहे. दोघांपैकी एकानंही त्यांना बसा म्हटलं नाही.

आणि मग धोंडीराम आले.

शहराबाहेर एक सहकारी सूतगिरणी होती. तिचं नाव सांगत नाही. सूत कमी आणि सभा जास्त, एवढी खूण पुरे. धोंडीराम तिथे कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात होते. आमच्याच तालुक्यातल्या कोरडवाहू गावचे. पापण्यांवरसुद्धा कापसाचा भुगा घेऊन आले आणि आत यायच्या आधी बाहेर अंग झटकत बसले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. गिरणीच्या कागदावर त्यांना अठ्ठावन्न पुरी होत होती आणि निवृत्तीची नोटीस आली होती. खरं वय एक्कावन्न. "मी पंधरा वर्साचा आसताना कामाला लागलो, डॉक्टर. आठरा लागत हुती. माझा थोरला भाऊ शाळंत नाव घातल्यावर गेला. बानं त्येचाच दाखला माझ्या हातात दिला. त्येच्या नावानंच लागलो. धोंडीराम त्येचं नाव. माझं नाव तुकाराम."

सर खुर्चीतून उठले. एवढा शुद्ध नमुना त्यांना दहा वर्षांत मिळाला नव्हता. मेलेल्या भावाचं वय अंगावर घेऊन फिरणारा माणूस!

"तुमच्या रगतावरनं खरं वय कळतंय म्हनत्यात," धोंडीराम म्हणाले. "तेवढं लिवून द्या. धाकटी पोरगी नर्शिंगला हाय. आजून दोन वर्सं. गिरणीची खोली सोडावी लागली तर ती कुटं ऱ्हायाची?"

मी रक्त काढलं. संध्याकाळी प्लेट तयार झाली. धोंडीरामांचा खळगा बघून मी सरांकडे पाहिलं. इतका पिवळा मी कधी पाहिला नव्हता. सरांनी रक्त आणखी पातळ करून पुन्हा तपासलं. मग आणखी पातळ. तिसऱ्या दिवशी ते रेघेसमोर बराच वेळ बसून राहिले.

"किती, सर?"

"पंचाहत्तर."

"पण ते खोटं बोलत नाहीत, सर. मला माणूस कळतो."

"खोटं कोण म्हणतंय? तो एक्कावन्नचा असेल. रक्त पंचाहत्तरचं आहे. पस्तीस वर्षं कापूस खाल्लाय त्यानं." त्यांनी धोंडीरामांना काही लिहून दिलं नाही. नंतर या, एवढंच सांगितलं. सरांना कोणाला वय सांगायचं टाळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

याच आठवड्यात, योगायोग म्हणा, त्याच गिरणीच्या चेअरमनचा निरोप आला. चेअरमनची एकसष्टी होती. आधी एकदा त्यांची एकसष्टी होऊन गेली आहे असं म्हणणारी माणसं गावात होती, पण ती गिरणीत नोकरीला नव्हती. पुढं निवडणूक होती आणि विरोधकांनी 'म्हातारा आता पुरे' असा धोशा लावला होता. चेअरमन स्वतः पांढऱ्या गाडीतून लॅबवर आले. बरोबर पाचजण, सुई टोचताना धीर द्यायला.

"डॉक्टर, आमचं बी रगत बघा की जरा. पब्लिकला कळू दे."

चेअरमनचा खळगा त्यांच्या वयाच्या मानानं फिकाच निघाला. पिवळा रंग बेताचाच. त्यांच्या अंगात कूळ फार उशिरा शिरलं असावं. सधन घर, स्वतंत्र खोल्या, स्वतंत्र ताटं, लहानपणापासून दुसऱ्याचं उष्टं ओठाला लागलेलं नाही. सरांनी प्रामाणिकपणे रेघेवर बोट ठेवलं. बेचाळीस.

दुसऱ्या दिवशी गिरणीच्या गेटवर फलक लागला. चेअरमनचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात, 'रक्त सांगते, वय अवघे बेचाळीस!' एकसष्टीच्या समारंभाला सर प्रमुख पाहुणे.

सर सबंध आठवडा अस्वस्थ होते. प्लेट धुतल्यावरही हात धूत राहायचे. समारंभाच्या दिवशी स्कूटरवर मागे बसताना मी विचारलं, "भाषणात काय बोलणार, सर?"

"खरं," ते म्हणाले. मला तेव्हाच आईची आठवण यायला हवी होती.

मांडवात दोन-अडीच हजार माणूस. पहिल्या रांगांत संचालक, मागे कामगार, कारण त्या दिवशी हजेरी मांडवातच घेणार होते. सरांनी माइक हातात घेतला. "चेअरमनसाहेबांचं रक्त मी तपासलं. ते बेचाळीस वर्षांचं आहे." टाळ्या. फटाक्यांची एक माळसुद्धा वाजली. सर थांबले. माळ संपल्यावर म्हणाले, "याच गिरणीतल्या, कापूस फोडायच्या खात्यातल्या धोंडीराम नावाच्या कामगाराचंही रक्त मी तपासलं. हा माणूस एक्कावन्न वर्षांचा आहे. त्याचं रक्त पंचाहत्तरचं आहे. साहेबांची उरलेली वर्षं कोण जगतंय, ते बघा."

मागून दोन-चार टाळ्या आल्या आणि मधेच विझल्या. माइक बंद पडला. सर आणखी थोडं बोलले, ते पहिल्या रांगेलाच ऐकू गेलं. चेअरमन हसतच होते. सत्काराची शाल त्यांनी स्वतःच्या हातानं सरांच्या खांद्यावर टाकली.

परत येताना सर स्कूटर जोरात चालवत होते. आयुष्यात पहिल्यांदा आपलं संशोधन कोणाच्या तरी उपयोगी पडलं असं त्यांना वाटत होतं. "आता बघ," ते मागे वळून ओरडले, "त्याला काढायची कोणाची हिंमत आहे!"

हिंमत चेअरमनची होती. तिसऱ्या दिवशी धोंडीरामांना कचेरीत बोलावलं. शाल दिली, आणि खरोखरीचा नारळ दिला. मॅनेजर म्हणाला, "आम्ही अठ्ठावन्न धरत होतो. तुमचे डॉक्टर पंचाहत्तर म्हणतात. सतरा वर्षं जास्त ठेवून घेतलं, गिरणीचे उपकार माना."

धोंडीराम तो नारळ घेऊनच लॅबवर आले. मला वाटलं आता ते शिव्या देतील. त्यांनी नारळ टेबलावर ठेवला आणि उभेच राहिले.

"डॉक्टर, तुमी खरंच बोलला आसाल," ते म्हणाले. "पन खरं बोलायला तुमास्नी माझंच रगत घावलं व्हय? मला इच्यारायचं तरी."

सरांनी खरोखरच विचारलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातच ते आलं नव्हतं. दहा वर्षं ते माणसांना आकड्यांनी हाका मारत होते आणि आकड्याची परवानगी कोण घेतं? धोंडीराम गेल्यावर त्यांनी स्वेटर काढून खुर्चीला अडकवला. त्या दिवशी पेशंटचे रिपोर्ट मीच, सरांच्या सहीशिवाय, पाठवले.

मला एक गोष्ट माहीत होती, जी सरांना नव्हती. आमच्या समाजातल्या प्रत्येक घराला जातीच्या दाखल्यासाठी कधी ना कधी जुनं कोतवाल बुक धुंडाळावं लागतं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवाल त्यात नोंदवायचा. ही बुकं तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गाठोड्यात पडलेली असतात आणि त्या खोलीची किल्ली माझ्या वडिलांच्या कमरेला असायची. मी शनिवारी गावी गेले आणि सगळं सांगितलं. वडिलांनी रीतसर अर्ज करायला लावला आणि मग तीन आठवडे गाठोडी सोडली. नोंदी मोडीत होत्या. एका निवृत्त कारकुनानं त्या वाचून दिल्या. थोरला धोंडीराम, जन्म. मग तुकाराम, जन्म, सात वर्षांनी. मग थोरल्याचा मृत्यू.

वडील नक्कल माझ्या हातात देताना म्हणाले, "ह्या कागदानं बघ, मेलेल्या पोराला पस्तीस वर्सं कामाला जुपलं, आन् आता जित्याला घरी बसवलं."

धोंडीरामांनी कामगार कोर्टात दावा घातला. कोतवाल बुकाची नक्कल लागली. गिरणीच्या वकिलानं एकच डाव टाकला. त्यानं सरांना साक्षीला बोलावलं. गिरणीच्या बाजूनं.

त्याच सुमाराला मुंबईहून पत्र आलं. सरांचा कॉलेजचा एक मित्र मोठ्या दवाखान्यात होता आणि तिथे रक्तातला खुद्द विषाणू मोजायचं यंत्र आलं होतं. सरांनी मागे बर्फात घालून तीस नमुने पाठवले होते, नाव न घालता, नुसते नंबर टाकून. पत्र मी वाचलं, कारण सर ते टेबलावर उघडंच ठेवून गेले होते. मित्रानं लिहिलं होतं की तुझी पिवळी रेघ आणि आमचे आकडे जुळतात, ज्यांचं रक्त तू म्हातारं म्हणतोस त्यांच्यात विषाणू खरोखर वर आलेला दिसतो, विशेषतः सतरा नंबर. मोठा अभ्यास कर, मी मदत करतो, तुझं नाव होईल. सतरा नंबर धोंडीराम होते.

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. गिरणीचा वकील आदबीनं उभा राहिला.

"डॉक्टर, आपण दहा वर्षं रक्तावरून वय सांगता. आणि रक्त खोटं बोलत नाही, असं आपण नेहमी म्हणता. बरोबर?"

"म्हणत होतो."

"धोंडीराम यांचं वय आपण पंचाहत्तर सांगितलंत?"

"सांगितलं."

"ते खरं आहे?"

सरांनी धोंडीरामांकडे पाहिलं. ते मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. शेजारी त्यांची मुलगी.

"नाही," सर म्हणाले.

वकिलानं हातातले कागद खाली ठेवले. "म्हणजे तपासणीत चूक झाली?"

"चूक नाही. त्या तपासणीचा वयाशी संबंधच नाही. खळग्यात पिवळा रंग येतो. कोणाचा जास्त, कोणाचा कमी. त्यावरून माणूस कधी जन्मला हे सांगता येत नाही."

"मग आमच्या चेअरमनसाहेबांचं बेचाळीस?"

"तेही सांगता येत नाही."

कोर्टात हशा पिकला. वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. एका हातानं पंचाहत्तर वाचवायचे तर दुसऱ्या हातातले बेचाळीसही वाचवायला हवे होते, आणि दोन्ही चालले होते. तो चिडून म्हणाला, "मग दहा वर्षं आपण काय करत होता, डॉक्टर?"

"छंद," सर म्हणाले.

न्यायाधीशांनी मान वर केली. "छंद?"

"हो, साहेब. काही लोक पोस्टाची तिकिटं जमवतात."

बाहेर पडल्यावर कोर्टासमोरच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला. मी रागावले होते. "सर, मुंबईचं पत्र खिशात आहे तुमच्या. जन्म वेगळा आणि रक्त वेगळं, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. छंद कशाला म्हणालात?"

"वकिलाला 'वेगळं' कळत नाही," सर म्हणाले. "त्याला हो लागतं किंवा नाही. मी अर्धा जरी हो म्हटलं असतं ना, तर तेवढं धरून त्यानं त्या माणसाला पुन्हा घरी बसवलं असतं. एकदा बसवला मी. पुरे झालं."

त्यांनी कप ठेवला आणि चहाचे पैसे दिले.

धोंडीराम वर्षभरानं कामावर परत गेले, उरलेली सहा वर्षं मिळवून, आणि कोर्टाच्या हुकमावरून कापसाच्या खात्यातून गेटवर. सरांच्या वाट्याला जे आलं ते सांगायला नको. स्थानिक पेपरात चौकट छापून आली. बाकीच्या डॉक्टरांनी पेशंट पाठवणं कमी केलं. ज्यांनी कंपाउंडरच्या नावानं रक्त पाठवलं होतं त्यांनी तर पूर्ण बंद केलं. रस्त्यावर लोक विचारायचे, "काय डॉक्टर, छंद काय म्हणतो?" पोस्टमन मात्र खुशीत होता. साताऱ्याला सुभेदार आणि मास्तर पुन्हा एका बाकावर बसू लागले आणि दोघं मिळून सरांना हसायचे. चेअरमन निवडून आले. गेटवरचा फलक त्यांनी उतरवला नाही, फक्त 'रक्त सांगते' एवढ्या अक्षरांवर रंग मारून घेतला.

उरलेले खळगे आता रिकामेच टाकून दिले जायचे. मुंबईच्या मित्राची आणखी दोन पत्रं आली. दुसऱ्याला मीच उत्तर लिहिलं, सर कामात आहेत म्हणून. दूधवाल्याला सर आता नावानं हाक मारायचे. त्याचं नाव मला पाच वर्षांनी कळलं.

धोंडीरामांनी त्या सहा वर्षांतली तीन काढली. मुलगी नर्स झाली, मिरजेला लागली. एका पावसाळ्यात त्यांना साधी सर्दी झाली. ती छातीत उतरली आणि आठ दिवसांत सगळं संपलं. मुलीनं सरांना कळवलं. सर स्वेटर घालून, एसटीनं, माझ्याबरोबर त्यांच्या गावी आले.

तिसऱ्या दिवसाचं उरकल्यावर ग्रामसेवक नोंदवही घेऊन ओट्यावर बसला. नाव विचारलं. मुलीनं दोन्ही सांगितली, तुकाराम आणि धोंडीराम. मग त्यानं वय विचारलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणी म्हणालं, दाखल्यावर बासष्ट हाय. एक म्हातारा म्हणाला, दिसायला तर सत्तरीच्या पुढचाच दिसत हुता. मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या रक्ताचं खरं काय ते या गर्दीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

सर पुढे झाले आणि ग्रामसेवकाशेजारी ओट्यावर बसले.

"पंचावन्न," ते म्हणाले. "अक्षरी लिहा."

ग्रामसेवकानं लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे तसे तरणेच होते की."

"हो," सर म्हणाले. "तरणाच होता."